लाखेचा प्रवास

गोंदिया या नावाची एक उपपत्ती आमच्याकडे सांगतात. इथल्या जंगलांतून गावकरी गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख गोळा करून बाजारात आणीत. त्या गोंदावरून गोंदिया. काहीजण हे नाव गोंड लोकांशी जोडतात. तो वाद पंडितांनी मिटवावा. मला मोहवते ती लाख. या चिमुकल्या शब्दाने केवढी पायपीट केली आहे!

संस्कृत 'लाक्षा' अथर्ववेदात भेटते, महाभारतात पांडवांसाठी तिचे घर बांधले जाते. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर बसणारा एक कीटक ही राळ अंगाभोवती स्रवतो. लाक्षेची आपल्याकडे लाख झाली आणि फारसीमार्गे ती युरोपात पोचली. पोर्तुगीजांच्या 'लाक्रे'चा, म्हणजे शिक्क्याच्या लाखेचा, इंग्रजीत 'लॅकर' झाला. लाखेतल्या तांबड्या रंगावरून चित्रकारांचा 'लेक' आला; त्याचा तळ्याशी काही संबंध नाही. पातळ पापुद्र्यांची लाख ती 'शेलॅक'. हे फ्रेंच नावाचे इंग्रजी भाषांतर. आपला सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला पॉलिश करतो तो चपडा हाच. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतही तोच असे. 1948 साली व्हायनिलची लाँग प्ले तबकडी आली आणि हळूहळू लाखेचे हे गिऱ्हाईक गेले.

बँकेच्या नोकरीत मी दोन्ही लाख हाताळले: एक खातेवहीतले आणि दुसरी विमा उतरवलेल्या पाकिटाच्या दोऱ्यावर वितळवून ओतायची. इंग्रजीत दोहोंचे स्पेलिंग पुष्कळदा एकच होई. फांदीवर लक्षावधी किडे म्हणून लाख, ही व्युत्पत्ती सांगायला गोड आहे. पण संस्कृतात संख्येचा 'लक्ष' आणि राळेची 'लाक्षा' हे शब्द निराळे. लाक्षेचे मूळ काही कोशकार रंगाच्या अर्थाशी जोडतात.

इंग्रजी कोशात या शब्दांपुढे त्यांचे भारतीय मूळ दिलेले असते. फांदी तोडून राळ खरवडणाऱ्या बाईचा उल्लेख तिथे नसतो, आणि तो कोशाचा धर्मही नव्हे. ते काम आपले. बांधावरचा पळस नुसते सरपण समजून तोडत गेलो, तर शब्द कोशात सुखरूप राहील आणि वस्तू जाईल. फाल्गुनात पळस फुलला की मुलांना फूल दाखवताच. एखाद्या फांदीवर तो तांबूस, खडबडीत थर दिसला, तर तोही दाखवा. आणि त्याचे नाव सांगा.