दिवा कोणी लावायचा?

देव कुठे असतो, हे आपल्या संतांनी आपल्याला पुष्कळदा सांगितले आहे. पण तो काम कसे करतो? या प्रश्नाचे एक उत्तर दूर ब्राझीलमध्ये, एका म्हातारीच्या तक्रारीतून निघाले.

१९५६ सालची ही हकीकत. बारा दो पिराई येथील बिशप आग्नेलो रॉसी यांच्यापुढे ती म्हातारी गाऱ्हाणे घेऊन आली, असे सांगतात. नाताळच्या रात्री गावातली तिन्ही प्रॉटेस्टंट देवळे दिव्यांनी उजळली होती, आतून गाणी ऐकू येत होती. तिचे कॅथलिक देऊळ मात्र बंद आणि अंधारात! का, तर पाद्री मिळाला नाही.

तक्रार साधी, पण वर्मी लागणारी. देश अफाट, पाद्री मोजके. मग पाद्री येईपर्यंत देवानेही वाट पाहत बसायचे की काय? रॉसींनी गावोगावच्या साध्या माणसांनाच हाताशी धरले. रविवारी शेजाऱ्यांना जमवावे, पवित्र शास्त्र वाचावे, प्रार्थना म्हणावी, एवढेच त्यांचे काम. मिस्सा करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पण दिवा लावायला अधिकार कशाला लागतो?

अशा लहान लहान मंडळ्या पुढे लॅटिन अमेरिकेत सर्वत्र उभ्या राहिल्या. १९६८ साली कोलंबियातील मेदेयीन येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने त्यांना उचलून धरले. हजारांच्या गर्दीत एखादा आला नाही, तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. चार घरांच्या बैठकीत मात्र रिकामी जागा लगेच दिसते. मग कोणीतरी उठून त्याच्या दारी जाते. देवाचे पाऊल वाजते ते बहुधा असेच, शेजाऱ्याच्या पायांनी!

पण वाचक हो, ही कथा इतकी गोड नाही. शास्त्र वाचता वाचता माणसे स्वतःचे जगणेही वाचू लागली. एल साल्वादोरमधील आगिलारेस हा उसाच्या मळ्यांचा मुलूख. १९७२ साली तेथे रुतिल्यो ग्रांदे हे पाद्री आले आणि शेतमजुरांच्या मंडळ्या जमू लागल्या. जमीन जर देवाने सर्वांसाठी निर्माण केली, तर आमची मुले उपाशी का, असा प्रश्न त्यांतून निघाला. मळेवाल्यांना तो रुचणे शक्यच नव्हते. १२ मार्च १९७७ रोजी ग्रांदे यांना वाटेत गोळ्या घालून ठार करण्यात आले. सोबतचा एक वृद्ध आणि एक मुलगा हेही मारले गेले. त्यांचे मित्र आर्चबिशप ऑस्कर रोमेरो तोवर सावध, मवाळ म्हणून ओळखले जात. त्या मृत्यूनंतर ते निर्भयपणे बोलू लागले, आणि २४ मार्च १९८० रोजी मिस्सा करीत असतानाच त्यांनाही गोळी लागली. २०१८ साली कॅथलिक चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले.

यात धर्म किती आणि राजकारण किती, हा वाद खुद्द रोममध्येही झाला. तो पंडितांनी करावा. उपाशी शेजाऱ्याची विचारपूस करणाऱ्याला तो उपाशी का, हा प्रश्न पडणारच. आणि तो पडू न देणारी भक्ती घरात देव्हाऱ्यापुरतीच उरते.

मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती वस्त्यांतूनही आज अशी शेजारमंडळे भरतात. यंदा आपल्या चाळीत, आपल्या इमारतीत पणत्या लावताना, कोणाचा उंबरठा अंधारात राहिला आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. तिथे दिवा लावायला कोणा पुरोहिताची वाट पाहावी लागत नाही.