उच्च प्राथमिक शाळेतील संपादणूक व विद्यार्थिरचना

उच्च प्राथमिक शाळेतील संपादणूक व विद्यार्थिरचना : प्राथमिक शिक्षणाच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनी भाषा, गणित, विज्ञान इ. विषयांत प्रत्यक्ष आत्मसात केलेले ज्ञान व कौशल्ये म्हणजे शैक्षणिक संपादणूक. त्या विद्यार्थ्यांची वय, लिंग, मातृभाषा, जात-जमात, पालकांचा व्यवसाय व वास्तव्याचे स्थैर्य यांनुसार होणारी विभागणी म्हणजे विद्यार्थिरचना. पहिलीचे मोजमाप गुणांनी, तर दुसरीचे पटावरील नोंदींनी होते. हे दोन तक्ते बहुधा स्वतंत्रपणे सादर केले जातात. परंतु एक तक्ता दुसऱ्यावाचून वाचल्यास शाळेविषयी चुकीचे मत होण्याचा संभव असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस या खाणगावाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

शाळेत कोण येतो आणि कोण येत नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढील निवेदनात (१८८२) तो ठामपणे मांडला होता. पुढे हारटॉग समितीने (१९२९) गळती व स्थगिती यांमुळे होणाऱ्या शिक्षणातील अपव्ययाकडे लक्ष वेधले. वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांच्या संदर्भात याच प्रश्नाची पाहणी केली. तिचा अहवाल १९५५ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला. अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या अहवालाने (१९६६) संपादणुकीतील तफावतीशी शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा संबंध अधिक असल्याचे दाखविले. त्यावरून शाळेचा काहीच उपयोग नाही, असा निष्कर्ष काहींनी काढला. तो अर्थातच अतिरेकी होता.

विदर्भातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ‘मिडल स्कूल’ हे मध्य प्रांताच्या काळातील नाव अद्यापि ऐकू येते. तेथील अनेक शाळा पूर्वी जनपद सभांकडे होत्या. १ मे १९६२ रोजी स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांकडे त्यांचा कारभार आला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यानुसार उच्च प्राथमिक स्तर सहावी ते आठवी असा असून त्यासाठी वर्षाला किमान २२० दिवस व १,००० तास अध्यापन, ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, तसेच विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक विहित आहे. महाराष्ट्रात मात्र खाजगी अनुदानित विद्यालयांचे वर्ग पुष्कळदा पाचवीपासूनच सुरू होतात. त्यामुळे ज्या पालकांना फेरनिवड शक्य असते, त्यांची मुले चौथीनंतर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून जातात. सहावीत जवाहर नवोदय विद्यालय परीक्षेद्वारे निवडक मुले घेते. आदिवासी मुलांपैकी काही आश्रमशाळांत जातात. अशा रीतीने सातवीचा वर्ग हा पहिलीचाच वर्ग सहा वर्षांनी मोठा झालेला, असा राहत नाही.

घुग्घुस हे वर्धा नदीकाठी वसले असून नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुका लागतो. १९७३ मधील राष्ट्रीयीकरणानंतर येथील कोळसा खाणी सार्वजनिक क्षेत्रात आल्या व पुढे वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीकडे गेल्या. परिसरात सिमेंटचा आणि स्पंज लोखंडाचा कारखाना आहे. अशा गावी कायम वेतनावरील खाण कामगार, कंत्राटी मजूर, मालमोटारींचे चालक व मदतनीस, तसेच भोवतालच्या कापसाच्या शेतांवर राबणारे मजूर यांची मुले एकाच शाळेच्या पटावर येऊ शकतात. कागदावर शाळा मराठी माध्यमाची असते. घरी मात्र कोणी वऱ्हाडी वळणाची मराठी, कोणी तेलुगू, कोणी हिंदी, तर कोणी गोंडी बोलतो. २०११ च्या जनगणनेत घुग्घुसची गणना नगरात होती, पण कारभार ग्रामपंचायतीचा होता. नगर परिषद नंतर आली. या दुहेरी ओळखीचा परिणाम आकडेवारीवरही होतो. ‘असर’सारखी पाहणी (२००५ पासून) ग्रामीण भागापुरती असल्याने जनगणनेने नगर ठरविलेली अशी गावे तिच्या कक्षेबाहेर राहतात.

भाषेचा मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा आहे. सहावीतील मुलाला वजाबाकी व भागाकार येत असतो. तथापि ‘खर्च वजा जाता उरलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम’ ही शब्दयोजना त्याच्या कानांवरून गेलेली नसेल, तर त्याचे उदाहरण चुकते आणि गुणपत्रकात नोंद होते ती गणितातील उणिवेची. लेखी कसोटी प्रत्येक विषयात थोडीफार भाषेचीही कसोटी असते. तोंडी प्रश्न विचारल्यावर तेच मूल अचूक उत्तर देते, हा अनुभव अनेक शिक्षकांना आहे. संपादणुकीच्या तक्त्यात मातृभाषेचा रकाना नसेल, तर हा भेद दिसूच शकत नाही.

सामाजिक प्रवर्गांचे रकानेही वाटतात तितके स्थिर नाहीत. १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातींवरील क्षेत्रीय बंधने उठविल्यानंतर महाराष्ट्रातील त्यांची नोंदलेली संख्या १९७१ मधील सुमारे २९·५ लाखांवरून १९८१ मध्ये सुमारे ५७·७ लाखांवर गेली. ही वाढ नैसर्गिक नव्हे, हे उघड आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धम्मदीक्षा दिली. परंतु बौद्धांना अनुसूचित जातींमध्ये केंद्रीय मान्यता मिळण्यास १९९० साल उजाडले. विमुक्त जाती व भटक्या जमाती हा राज्याचा स्वतंत्र प्रवर्ग राष्ट्रीय तक्त्यांत वेगळा दिसत नाही. म्हणून जुन्या व नव्या पटांची तुलना करताना प्रवर्गाची त्या काळची व्याख्या आधी पाहावी लागते.

सरासरीमुळे कशी दिशाभूल होते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन शाळांत सातवीची प्रत्येकी ४० मुले आहेत. पहिल्या शाळेत स्थिर उत्पन्नाच्या घरांतील ३० मुलांची सरासरी ६० व मजुरांच्या १० मुलांची ४० आहे. शाळेची सरासरी ५५ येते. दुसऱ्या शाळेत स्थिर उत्पन्नाच्या घरांतील मुले १० असून त्यांची सरासरी ६४, तर मजुरांची मुले ३० असून त्यांची ४४ आहे. शाळेची सरासरी ४९ येते. दुसरी शाळा दोन्ही गटांना अधिक चांगले शिकवीत असूनही यादीत ती खाली जाते. पट लहान असेल, तर आणखी एक अडचण उद्‌भवते. १५ मुलांच्या वर्गात एका मुलाच्या निकालाने उत्तीर्णांचे प्रमाण सहा-सात टक्क्यांनी बदलते. त्यावरून शिक्षकाला शाबासकी किंवा ताकीद देणे सारखेच निराधार ठरते.

वास्तव्याची अस्थिरता हा खाणपट्ट्याचा विशेष होय. बदल्या, कंत्राटांची मुदत आणि उघड्या खाणींसाठी होणारे गावांचे स्थलांतर यांमुळे शाळा सोडल्याचे दाखले वर्षभर निघत राहतात. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात जमीन खचून एक घर भूगर्भात गडप झाले व आसपासच्या कुटुंबांना हलवावे लागले. जिल्ह्याच्या वनक्षेत्रात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व मेमध्ये तेंदूपाने गोळा करण्याचा हंगाम असतो. पहिला हंगाम नेमका वार्षिक परीक्षेवर येतो. सप्टेंबरअखेरचा पट ४० आणि परीक्षेला बसलेले ३१ असतील, तर निकालाची टक्केवारी कोणत्या संख्येवर काढली, हे सांगितल्यावाचून तिला अर्थ राहत नाही.

हा प्रश्न आता केवळ सांख्यिकीचा राहिलेला नाही. आठवीपर्यंत अनुत्तीर्ण न करण्याची तरतूद केंद्राने २०१९ च्या दुरुस्तीने शिथिल केली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची पद्धत स्वीकारली. तीत अनुत्तीर्णास पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीतही तो अनुत्तीर्ण झाल्यास त्याच इयत्तेत राहतो. सक्तीच्या शिक्षणाचे वय मात्र चौदाव्या वर्षी संपते. आठवीत मागे राहिलेला घुग्घुसचा मुलगा साधारण त्याच वयाचा असतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीस खाणीत काम करण्यास कायद्याने मज्जाव आहे. परंतु चहाच्या टपरीवर किंवा किराणा दुकानात त्याला काम मिळते, आणि पटावर त्याच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा येतो.