उपग्रहाची दोन वयं

भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ किती काळ टिकला? या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. १९ एप्रिल १९७५ रोजी तो अवकाशात गेला आणि वीजपुरवठा बिघडल्यामुळे पाचव्याच दिवशी त्यावरचे प्रयोग थांबले. त्याचं धूड मात्र जवळजवळ सतरा वर्षं पृथ्वीभोवती फिरत राहिलं आणि फेब्रुवारी १९९२मध्ये वातावरणात शिरून संपलं. प्रत्येक उपग्रहाला अशी दोन वयं असतात, एक कामाचं आणि एक कक्षेतलं. पहिल्याचा हिशेब आपण काटेकोरपणे ठेवतो, कारण त्यात पैसा आणि सेवा गुंतलेली असते. दुसऱ्याचा हिशेब फार काळ कुणी मांडलाच नाही आणि माझ्या मते जास्त नुकसान त्यातूनच झालं आहे.

कामाचं वय बॅटरी, सौरपट्ट्या आणि इंधन यांवर ठरतं. कक्षेतलं वय मुख्यतः उंचीवर. हवा एखाद्या रेषेवर संपत नाही, ती विरळ होत जाते. चारशे किलोमीटरवरही तिचा इतका अडथळा होतो, की अंतराळ स्थानकाला अधूनमधून वर ढकलावं लागतं. आठशे किलोमीटरवर तोच अडथळा इतका क्षीण होतो, की निकामी उपग्रह शतकभर फिरत राहू शकतो. अमेरिकेचा दीड किलोचा ‘व्हॅनगार्ड-१’ १९५८ साली वर गेला, १९६४मध्ये मुका झाला आणि अजूनही फिरतो आहे. तो दोन हजार वर्षं टिकेल असा पहिला अंदाज होता. पुढे तो सुमारे २४० वर्षांवर आला. एवढी तफावत पडण्यामागे सूर्य आहे. सूर्य खवळला की वरची हवा तापून फुगते आणि उपग्रहाला मागे खेचते. फेब्रुवारी २०२२मध्ये भूचुंबकीय वादळामुळे नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी जवळजवळ चाळीस गमवावे लागले, ते याच कारणानं. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत तर हवेची मदतच नाही; तिथले उपग्रह शेवटच्या इंधनावर आणखी वर, वापरात नसलेल्या कक्षेत सरकवावे लागतात.

अवकाश अफाट आहे, मग चार मेलेले उपग्रह फिरत राहिले तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. अवकाश अफाट आहे हे खरंच, पण उपयोगाच्या कक्षा मोजक्या आहेत आणि गर्दी तिथेच होते. १० फेब्रुवारी २००९ रोजी सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर रशियाचा निकामी ‘कॉसमॉस २२५१’ आणि चालू स्थितीतला ‘इरिडियम ३३’ एकमेकांवर आदळले. मागोवा घेता येईल असे दोन हजारांवर तुकडे झाले आणि आता त्या प्रत्येकाला स्वतःचं कक्षेतलं वय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंधन म्हणजे उपग्रहाचं आयुष्य. ते परतीसाठी राखायचं म्हणजे सेवेची काही वर्षं सोडायची. शिवाय जळणाऱ्या उपग्रहांतून अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण वरच्या हवेत मिसळतात. ही काळजी रास्त आहे, तिचा अभ्यास व्हायलाच हवा. पण टक्करीनं झालेले तुकडे गोळा करण्याचा आज कुठलाही व्यवहार्य उपाय नाही, म्हणून मी इंधन राखण्याच्या बाजूनं कौल देईन. हे जमतं, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. भारत आणि फ्रान्स यांचा ‘मेघा-ट्रॉपिक्स’ २०११ साली तीन वर्षांच्या कामासाठी गेला आणि २०२१पर्यंत हवामानाची माहिती देत राहिला. तसाच सोडला असता तर सुमारे ८६७ किलोमीटरवरच्या कक्षेत तो शंभरहून अधिक वर्षं राहिला असता. टाकीत जवळपास १२५ किलो इंधन उरलं होतं. ऑगस्ट २०२२पासून इस्रोनं ते थोडंथोडं जाळत कक्षा खाली आणली आणि ७ मार्च २०२३ रोजी उपग्रह पॅसिफिक महासागरावर उतरवला. मुळात अशा नियंत्रित परतीसाठी तो बांधलेलाच नव्हता.