दप्तरासाठी काटा हवा

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुका कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांचा. गिरणीत ताके वाहणाऱ्या कामगाराच्या पाठीची चिंता देशाने १९४८ च्या कारखाने कायद्यातच केली. इजा होईल इतके ओझे कोणासही वाहावयास लावू नये, असे त्याचे ३४ वे कलम होते. त्याच कामगाराचे मूल सकाळी पाठीवर काय घेऊन निघते, याविषयी मात्र कायदा मुका आहे. २००६ साली राज्यसभेत या संबंधीचे विधेयक आले, ते तेथेच राहिले.

परिपत्रकांची मात्र वानवा नाही. प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये या ओझ्याकडे लक्ष वेधले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मुलाच्या वजनाच्या १० टक्के ही मर्यादा घातली. केंद्राच्या २०२० च्या धोरणानेही तीच स्वीकारली. या दोहोंच्या मध्ये, ऑगस्ट २०१६ मध्ये, चंद्रपूरच्या सातवीतील दोन विद्यार्थ्यांनी पत्रकार परिषद घेऊन आपल्या दप्तराची कैफियत मांडली. वडीलधारे गप्प बसले म्हणून मुलांस बोलावे लागले!

हिशेब साधा आहे. पंचवीस किलोच्या मुलाने अडीच किलो वाहावे. त्यात पाण्याची लिटरभर बाटली एक किलोची, शिवाय डबा आणि रिकामे दप्तर. शाळेच्या नळाचे पाणी निःशंकपणे पिता आले, तर बाटली घरी राहील. ही सोपी गोष्ट मर्यादा ठरविणाऱ्या केंद्राच्या धोरणातही सांगितली आहे; ती प्रत्येक शाळेत घडावी. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांतच वह्यांची कोरी पाने घातली. तथापि वर्गात वह्या मागितल्या जातच राहिल्या आणि २०२५ मध्ये ती पाने काढावी लागली. पुस्तक बदलले, वेळापत्रक बदलले नाही.

गुजरात शासनाने जुलै २०२५ पासून प्राथमिक शाळांचा शनिवार दप्तरमुक्त केला, हे स्वागतार्हच. परंतु उरलेल्या पाच दिवसांचे काय? पलसाण्यातील प्रत्येक शाळेच्या दारी वजनकाटा असावा, वर्गात पुस्तके ठेवावयास कपाट असावे आणि दिवसाला तीन-चारच विषयांची वह्या-पुस्तके मागवावीत. पालकांनीही दप्तर एका खांद्यावर लोंबकळू न देता दोन्ही रुंद पट्ट्यांनी पाठीशी घट्ट बसते ना, हे पाहावे. तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी एखाद्या सोमवारी, पूर्वसूचना न देता, दप्तरे तोलावीत आणि आकडे शाळेच्या फलकावर लावावेत. ते आकडे छापण्यास आम्ही जागा राखून ठेवू.