पलटणीतला माणूस गावी येतो तेव्हा

आपल्या भागात असे गाव विरळाच, की जिथला एखादा गडी पलटणीत नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. शिरोळ तालुक्यातली टाकळी ‘सैनिक टाकळी’ झाली. अशा गावांचे कौतुक पुष्कळ होते. परंतु पस्तिशी-चाळिशीत नोकरी संपवून ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरलेल्या माणसाने राहायचे कुठे, हे फारसे कोणी विचारीत नाही.

सरकारी क्वार्टर सुटते. गावी वडिलार्जित घर असते खरे, पण त्यात भाऊ, भावजया, त्यांची पोरं. इतकी वर्षे हा सुट्टीपुरता पाहुणा. आला की कोंबडं कापायचं आणि सुट्टी संपली की गाडीत बसवून द्यायचं. आता कायमचा आला म्हटल्यावर त्यालाही अवघड नि घरच्यांनाही. पाण्याची पाळी, ऊसनोंद, बांधावरची वहिवाट, सारे त्याच्या माघारी ठरलेले. बायकोने एकटीने प्रपंच रेटलेला असतो. तिथे हुकूम चालत नाही, हे आम्ही स्पष्टच लिहितो.

खरी मेख पैशात आहे. निवृत्तीच्या वेळी फंड, ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनीची रक्कम एकदम हाती पडते. जवानाला निम्म्यापर्यंत पेन्शन अशी विकता येते. मग तेवढा भाग १५ वर्षे दरमहा कापला जातो. म्हणजे ते आपलेच पुढचे पैसे. ते दिसले की सोयरे-धायरे गोळा होतात. कोणी म्हणतो ट्रॅक्टर घे, कोणाला लग्नापुरते हातउसने हवे.

आमचे म्हणणे, आधी घर. आणि घराआधी जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहा. भावाच्या नावच्या जागेवर आपल्या पैशाचा स्लॅब टाकू नये. भाऊ देवमाणूस असेल, पण त्याच्यामागे वारस असतात. नुसती घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. खरेदीखत, वाटणीपत्र, मिळकत पत्रिका, जे लागू असेल ते आपल्या नावचे हवे.

डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पी.पी.ओ. घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे, ओळखपत्र घ्यावे. राज्यात २०२० पासून माजी सैनिकाच्या एका घराची घरपट्टी माफ आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. ग्रामपंचायत आपण होऊन घरी येणार नाही! राज्य शासनाच्या क आणि ड वर्गाच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के जागा राखीव आहेत. शहरातच राहायचे असेल तर सैन्याची स्वतःची गृहनिर्माण संस्था, आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन, १९७८ पासून ना-नफा तत्त्वावर सदनिका बांधते.

अग्निवीरांची गोष्ट मात्र निराळी. २०२२ च्या योजनेप्रमाणे चार वर्षे भरली की चौघांतल्या फार तर एकाला कायम ठेवायचे, असे ठरले. बाकीच्यांना सेवा निधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये. पेन्शन नाही आणि योजनेच्या अटींत माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ऐन पंचविशीतला पोरगा हे पैसे घेऊन घरी येईल, तेव्हा त्यातले घराला किती, धंद्याला किती, याची चर्चा बापलेकांनी भरतीला निघतानाच करून ठेवावी.