गाय ठणठणीत, माणसे आजारी

रोगजंतू म्हणजे काय, असे वर्गात विचारले की ठरलेले उत्तर येते : रोग निर्माण करणारे जंतू. पण एकच जिवाणू एका प्राण्याच्या आतड्यात गुण्यागोविंदाने राहत असेल आणि दुसऱ्याच्या जिवावर उठत असेल तर?

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन हे सुमारे ५००० वस्तीचे गाव आहे. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला. शेजारच्या शेतातील शेणखतातले जिवाणू पाण्याबरोबर झिरपत गावाला पाणी पुरवणाऱ्या एका उथळ विहिरीत पोहोचले. पाण्यात पुरेसे क्लोरीन मिसळले जात नव्हते आणि त्याची रोजची तपासणीही नीट होत नव्हती. सुमारे २३०० माणसे आजारी पडली, ७ दगावली. दोषी जिवाणू मुख्यतः दोन : ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी.

ई. कोलाय तर आपल्या सर्वांच्या आतड्यात असतो. मग हाच प्रकार घातक का? त्याच्याकडे शिगा नावाचे विष तयार करणारे जनुक आहे. ते त्याला जिवाणूंमध्ये वाढणाऱ्या एका विषाणूकडून मिळाले आहे. पेशीत शिरण्यासाठी या विषाला पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट रेणूला चिकटावे लागते. माणसाच्या मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्यांत हा रेणू भरपूर असतो. गाईच्या आतड्यातील रक्तवाहिन्यांत तो नसतो. म्हणून गाय ठणठणीत राहते, शेणातून जिवाणू बाहेर टाकत राहते. आणि आपल्याला रक्ताचे जुलाब होतात. लहान मुलांची तर कधीकधी मूत्रपिंडेच निकामी होतात.

अशा वेळी प्रतिजैविके देऊन जिवाणू मारावेत, असे आपल्याला वाटेल. परंतु काही प्रतिजैविकांमुळे तो सुप्त विषाणू जागा होतो आणि विष अधिकच बाहेर पडू शकते. त्यामुळे डॉक्टर ती सहसा टाळतात. म्हणजे भर द्यायचा तो संसर्ग टाळण्यावरच.

वॉकर्टनच्या चौकशीत त्या शेतकऱ्याला दोष दिला गेला नाही. त्याने खत योग्य रीतीनेच हाताळले होते. दोष गाईचाही नव्हता. गाय आणि माणूस यांच्यामध्ये जो क्लोरीनचा पहारा हवा होता, तो ढिला पडला होता.

आपल्याकडेही गोठा, उकिरडा आणि विहीर अनेकदा जवळजवळ असतात. दूध उकळणे, शेणात काम केल्यावर साबणाने हात धुणे या जुन्याच सवयी येथे कामी येतात. मुलांकडून गावाचा एक नकाशा काढून घेऊ या : पाण्याचे स्रोत कोठे, गोठे कोठे, उतार कोणीकडे? मग जलसुरक्षकाला शाळेत बोलावून ओ. टी. चाचणी पाहू. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. नाही झाले, तर पहारेकरी झोपला आहे.