पांढऱ्या भुकटीला रंग चढवताना

निओबियम पेंटॉक्साइड ही पांढरीशुभ्र भुकटी आहे, आणि तिची सगळी अडचण त्या शुभ्रपणातच आहे. दृश्य प्रकाश ती शोषत नाही, जसाच्या तसा परतवून लावते. सूर्यप्रकाशातला जेमतेम चार-पाच टक्के असणारा अतिनील भाग तेवढा तिच्या कामी येतो. बाकीचं ऊन वाया. तरीही उन्हापासून थेट इंधन करू पाहणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी गेली चाळीस वर्षं निओबियम या धातूचा पिच्छा सोडलेला नाही.

धातू तसा दुर्मीळ नाही. जगाला लागणारं सुमारे ९० टक्के निओबियम ब्राझीलमधून येतं, त्यातलं बरंचसं मिनास जेराइस राज्यातल्या अराशाच्या खाणीतून. बहुतेक सगळं पोलाद चिवट करण्यात खर्ची पडतं. थोडं एमआरआय यंत्रांच्या अतिवाहक चुंबकांत जातं. प्रकाशउत्प्रेरकासाठी, म्हणजे प्रकाश शोषून रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थासाठी, चिमूटभर मिळवायला कुणाची हरकत नाही.

निओबियमच्या ऑक्साइडसारख्या अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की ऑक्सिजनशी बांधलेला एखादा इलेक्ट्रॉन उसळून निओबियमच्या रिकाम्या कक्षांमध्ये जातो. तिथून तो पाण्यातल्या हायड्रोजन आयनांना मिळाला तर हायड्रोजन वायू तयार होतो. मागे उरलेली रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि ऑक्सिजन सुटतो. हिशेबाने या उडीला १.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरायला हवेत, प्रत्यक्षात दोनच्या आसपास लागतात. निओबियम पेंटॉक्साइड मात्र तीनहून अधिक मागतं. शिवाय उसळलेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा काहीच न करता परत त्याच होलमध्ये पडतो, आणि प्रकाशाची नुसती उष्णता होते.

या दुसऱ्या दुखण्यावरचा सुंदर उपाय १९८६च्या सुमारास जपानमध्ये सापडला. होंडा आणि फुजिशिमा यांनी १९७२मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाणी फोडल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळांना हा ध्यास लागला होता. तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काझुनारी डोमेन, अकिहिको कुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटॅशियम हेक्झानिओबेट घेतलं. निओबियम आणि ऑक्सिजनचे पातळ पत्रे एकावर एक, मध्ये पोटॅशियमचे आयन, अशी त्याची घडण. गंमत अशी, की पत्र्यांमधल्या फटी दोन प्रकारच्या असतात आणि त्या आलटून पालटून येतात. एका प्रकारच्या फटीत निकेल बसवलं की हायड्रोजन तिथे सुटतो, ऑक्सिजन पलीकडच्या फटीत. माजघर आणि ओसरी यांच्यामध्ये भिंत असावी तसे इलेक्ट्रॉन आणि होल, आणि त्यांच्यासोबत दोन्ही वायू, वेगळे राहतात, त्यामुळे वायूंची गाठ पडून पुन्हा पाणी होणंही टळतं. माझ्या मते निओबियमची खरी देणगी हीच. रंगाचा शोध पुढे बराच गाजला, पण प्रक्रियेला जागा नेमून देण्याची ही कल्पना त्याहून खोल आहे.

रंगाचा मार्ग नायट्रोजनमधून जातो. ऑक्साइड अमोनियाच्या झोतात खूप तापवलं, की काही ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन शिरतो. त्याचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या मानाने सैल बांधलेले असल्याने उडी लहान होते. बेरियम निओबियम ऑक्सिनायट्राइड तर ७४० नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे थेट तांबडा प्रकाश शोषतं. त्याचंच टँटलमचं भावंड ६६०च्या आसपास थांबतं. मग जिंकलं निओबियमच? नाही. त्याच्या रिकाम्या कक्षा टँटलमपेक्षा खाली असतात, म्हणून उडी लहान. पण त्याच कारणाने अमोनियाच्या भट्टीत निओबियम सहज इलेक्ट्रॉन स्वीकारून बसतं. त्यातून स्फटिकात दोष निर्माण होतात आणि प्रकाशाने उसळलेले इलेक्ट्रॉन त्या दोषांत अडकतात. भुकटीला रंग चढतो, पण जोर उतरतो.

कथिल घालूनही उडी लहान करता येते. कुडो यांच्या गटाने पुढे अभ्यासलेलं कथिलाचं निओबेट पिवळं असून त्याला २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. मात्र त्याचा हायड्रोजन मिथेनॉल मिसळलेल्या पाण्यातून मिळाला. इथे वाचकाने सावध असावं. मिथेनॉल स्वतः जळून होल भरून काढतं, ऑक्सिजन तयार करण्याचं अवघड काम टळतं. प्रयोग म्हणून ते रास्तच आहे, पण बातमीत ‘पाण्यापासून इंधन’ छापून येतं तेव्हा मिथेनॉलचा उल्लेख गळालेला असतो.

मोठ्या प्रमाणावर मजल मारली ती टायटॅनियमने. डोमेन यांच्याच गटाने २०२१मध्ये १०० चौरस मीटरच्या फलकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. भुकटी होती स्ट्रॉन्शियम टायटनेटची. उन्हातली जास्तीत जास्त ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली. व्यवहारात परवडायला किमान पाच ते दहा टक्के हवेत, असं या क्षेत्रात मानतात. टायटनेटही पांढरंच, अतिनीलवर चालणारं. त्यामुळे रंगीत भुकटीची गरज उरतेच.

पुण्यात पाषाणला असलेल्या सी-मेट या केंद्रीय संस्थेने यातली एक वेगळी वाट धरली: पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड फोडायचं. खनिज तेलातलं गंधक काढताना तेलशुद्धीकरण कारखान्यांत हा विषारी वायू निघतोच. रूढ पद्धतीत त्यातलं गंधक वेगळं काढतात, पण हायड्रोजन जळून त्याचं पाणी होतं. पाण्याच्या एका मोलला २३७ किलोज्यूल द्यावे लागतात, तर या वायूला सुमारे ३३. निओबियमची ऑक्साइडंही या कामी तपासली गेली आहेत. वायू आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवतात. गंधक त्या अल्कधर्मी द्रावणातच राहतं, उत्प्रेरकावर थर धरत नाही.